कादंबरीचं काय झालं?

मे महिन्यात ठाण्याला एका मुंजीला गेलो होतो. मुंज एका मुलाची असते, पण चौकशी जमलेल्या सगळ्यांचीच होते. जेवणं चालली होती. जिलबीचा आग्रह आमच्या पानापर्यंत पोचला होता आणि तेवढ्यात पलीकडच्या टेबलावरून मामांनी हाक मारली, "काय लेखक! कादंबरी कुठवर आली?"

मामांना आयुष्यात कधी माईक लागला नाही. दोन-तीन टेबलांवरच्या माना वळल्या. मी तोंडातली जिलबी गिळली आणि नेहमीचं उत्तर दिलं, "झालीच. शेवटचा हात फिरवतोय."

मामा "वा वा" म्हणाले, शेजारच्या गृहस्थांना "आमचा भाचा. दिवाळी अंकात येतं याचं" असं सांगून मठ्ठ्याकडे वळले. माझ्या समोर बायको बसली होती. ती काही बोलली नाही. तिने फक्त पानातली कोशिंबीर इकडची तिकडे केली. एकवीस वर्षांच्या संसारात मला एवढं नक्की कळलंय की कोशिंबीर इकडची तिकडे होणं हे काही बरं लक्षण नाही.

रात्री डोंबिवलीला परतताना लोकलमध्ये चक्क शेजारी-शेजारी जागा मिळाली. कळवा गेलं, मुंब्रा गेलं. मग ती म्हणाली, "पुढच्या वेळी मला कुणी विचारलं तर मी काय सांगू?"

"काय म्हणजे?"

"तुला विचारतात तसं मलाही विचारतात. मीही इतकी वर्षं तेच सांगत आले, शेवटचा हात फिरवतोय म्हणून. आता नाही सांगवत मला."

मला राग आला. खरं बोलणाऱ्या माणसाचा येतो तसला. "कादंबरी म्हणजे काय पोहे आहेत का, टाकले आणि झाले?" असं काहीतरी मी बोललो. त्यावर ती थोडा वेळ खिडकीबाहेर बघत राहिली आणि म्हणाली, "तुला एक गोष्ट कधी सांगितलेली नाही. आज सांगते."

ती काय म्हणाली ते सांगणारच आहे, पण त्यासाठी आधी थोडं मागे जायला हवं.

मी एका कंपनीत अकाउंट्समध्ये आहे. लिहायचं वेड कॉलेजपासूनचं. 'साभार परत'च्या पत्रांची एक चांगली जाड फाइल आहे माझ्याकडे. मग २०१२ आणि २०१३ असं लागोपाठ दोन वर्षं दिवाळी अंकांत माझ्या कथा आल्या. दोनच. पण दोन कथा छापून आलेल्या माणसाला कादंबरी खुणावायला लागते, वन रूम किचनवाल्याला टू बीएचके खुणावतो तशी. २०१४ च्या दिवाळीत मी घरात जाहीर केलं की मी कादंबरी लिहिणार. कोकणातलं गाव, दोन भाऊ, सामाईक विहीर, तिच्यावरून भांडण. धाकटा भाऊ मुंबईला निघून जातो आणि वीस वर्षांनी परत येतो. परत येऊन काय करतो ते मला तेव्हा माहीत नव्हतं. आजही नाही. असो.

कादंबरीसाठी टेबल हवं. जुन्या फर्निचरच्या दुकानातून एक सागवानी टेबल आणलं. आमच्या इमारतीला लिफ्ट नाही, तिसऱ्या मजल्यावर ते चढवताना जिन्याच्या वळणावर त्याचा एक पाय थोडा तासला गेला. आतल्या खोलीत खिडकीशी ते बसलं आणि नियम ठरला. रविवारी सकाळी आठ ते अकरा, दार बंद. आठवडाभर नोकरी आणि लोकल, शनिवारी बाजार आणि बँक. मग लेखकाने लिहायचं कधी? नियम मीच सुचवला आणि घराने तो मान्य केला. मान्य केला म्हणजे काय केलं, याचा विचार मी कधी केला नाही.

आता करतो. रविवारी अकरापर्यंत मिक्सर लावायचा नाही, म्हणून इडली-डोशाची चटणी शनिवारी रात्रीच वाटून फ्रीजमध्ये. कुकर नाही, म्हणून डाळ पातेल्यात शिजत ठेवायची. टीव्हीचा आवाज बंद. कार्टूनमधली मांजरं आणि उंदीर नुसतेच धावायचे. तेव्हा थोरला आठ वर्षांचा आणि धाकटी पाच वर्षांची. पुढे धाकटीला लिहिता यायला लागल्यावर तिने स्केचपेनने एक पाटी करून दारावर लावली, 'बाबा लिहीत आहेत. हळू बोला.' खाली एक मांजर, तोंडावर बोट ठेवलेलं. येणाऱ्या-जाणाऱ्याला ती पाटी मी कौतुकाने दाखवायचो. दारावरची बेलसुद्धा बायको आठ वाजता आतल्या बटणाने बंद करून ठेवायची. २०२० च्या लॉकडाउनमध्ये चौघंही चोवीस तास घरात होतो, तेव्हाही रविवार पाळला गेला. थोरला गॅलरीत उकिडवा बसून मित्रांशी कुजबुजत बोलायचा.

आणि दाराच्या आत काय चालायचं? लिहिणाऱ्यांना सांगायला नको, पण नातेवाइकांसाठी सांगतो, कारण त्यांना वाटतं आत कादंबरी लिहिली जात असे.

आठ वाजता बसायचं. आठवडाभराने बसलेलं असल्यामुळे आपण काय लिहिलं होतं ते आठवत नसायचं, म्हणून मागचं वाचायचं. वाचताना ते आवडायचं नाही, म्हणून दुरुस्त करायचं. पेनात शाई भरायची. (मी पहिला खर्डा शाईच्या पेनानेच लिहितो, ही आणखी एक ऐट.) नऊ वाजता खिडकीतून समोरच्या इमारतीतले आजोबा झाडांना पाणी घालताना दिसायचे, ते बघायचं. मग एखादा तपशील तपासायला म्हणून फोन हातात घ्यायचा. कोकणातल्या विहिरीला रहाट असतो की ओकती, हे बघता बघता मी १९९६ च्या वर्ल्ड कपमधल्या बंगलोरच्या भारत-पाकिस्तान मॅचच्या धावफलकापर्यंत कसा पोचायचो हे मलाही सांगता येणार नाही. साडेदहाला धडकी भरायची. उरलेल्या अर्ध्या तासात आठ-दहा ओळी व्हायच्या. कधी दोनच. अकराला दार उघडून बाहेर आलो की चेहरा मात्र थकलेला. बायको विचारायची, "झालं का?" मी म्हणायचो, "बरं झालं आज."

खोटं बोलायचा हेतू नव्हता. आपण तीन तास कष्ट केलेत असं खरंच वाटायचं. न लिहिण्याचेही कष्ट होतातच. लिहिण्यापेक्षा जास्त होतात.

तर, मुंब्र्याच्या पुढे बायकोने सांगितलेली गोष्ट अशी.

२०१७ चा जुलै. तिला दिवस पक्का आठवत होता, कारण दिव्यांची अवस होती आणि दुपारी महिलांच्या वर्ल्ड कपची फायनल होती, जी आपण इंग्लंडकडून नऊ धावांनी हरलो. सकाळी घरात आवाज नको म्हणून ती मुलांना घेऊन भाजी आणायला गेली होती. पावणेअकराला परत आली तर आमच्या मजल्यावर, दाराबाहेरच्या जिन्याच्या पायरीवर, माझी आई बसलेली. मांडीवर पिशवी. आई धाकट्या भावाकडे बदलापूरला असते. तेव्हा ती ६८ वर्षांची होती, गुडघे दुखत होतेच. एकटी लोकलने आली, तीन मजले चढली, बेल दाबली. ती वाजली नाही. मग तिच्या लक्षात आलं की आज रविवार.

"मग दार का नाही वाजवलंत?" बायकोने विचारलं.

"लिहीत असेल गं तो."

बायकोने किल्लीने हळूच दार उघडलं, चौघं पाय न वाजवता स्वयंपाकघरात जाऊन बसली. अकराला मी बाहेर आलो. आईला बघून म्हणे मी म्हणालो, "अरे, तू कधी आलीस?" आणि आई म्हणाली, "ही काय, आत्ताच." नंतर निघताना तिने बायकोकडून कबूल करून घेतलं, त्याला सांगू नकोस, मनाला लावून घेईल आणि लिहायचं राहील.

बायकोने आठ वर्षं शब्द पाळला. डोंबिवली आलं, आम्ही उतरलो. रिक्षाच्या रांगेत मी तिला विचारलं, "मग आज का सांगितलंस?" ती म्हणाली, "आज तू जिलबी खात खात सांगितलंस ना, झालीच म्हणून."

घरी आल्यावर झोप येणं शक्यच नव्हतं. मी अकाउंट्सचा माणूस, दर रविवारी काय केलं याची एक नोंदवही ठेवलेली होती. ती काढली. २३ जुलै २०१७. माझ्या अक्षरात लिहिलं होतं, 'प्रकरण १, परिच्छेद १ बदलला. पुन्हा पहिल्यासारखा केला.'

त्या रात्री मी ती ओळ बराच वेळ बघत बसलो. मग शेवटपर्यंत हिशेब केला. साडेदहा वर्षांत नोंदवलेले रविवार ४६८. तासांत १,४०४. म्हणजे सलग मोजले तर साडेअठ्ठावन्न दिवस आणि तेवढ्याच रात्री. हातातली पानं ७४. पानाला साधारण १९ तास पडले. इथपर्यंतचा हिशेब मनातल्या मनात मी अधूनमधून करायचो, आणि "कला अशीच असते" म्हणून वही मिटायचो. पण हिशेबनिसाला पहिल्या दिवशी शिकवतात की एका खात्यात जमा झालं की दुसऱ्या कुठल्यातरी खात्यात ते नावे पडलंच पाहिजे. माझ्या प्रत्येक तासामागे घरातल्या तिघांचा एकेक तास होता. १,४०४ गुणिले तीन, ४,२१२ तास. ही बाजू मी कधी लिहिलीच नव्हती. साडेदहा वर्षं वही एकतर्फी.

त्यात आईचा जिन्यातला वेळ धरलेला नाही.

दुसऱ्या दिवशी धाकटीला सहज विचारलं, "तुला रविवार कसे आठवतात गं, लहानपणचे?" ती आता अकरावीत आहे. मला वाटलं तक्रार करेल. तिने मोबाइलमधून मान वर केली आणि म्हणाली, "मला खूप वर्षं वाटायचं की सगळ्यांच्याच घरी रविवारी अकरापर्यंत मिक्सर लावत नाहीत. उपासासारखं काहीतरी असेल." आणि परत मोबाइलमध्ये.

याच सुमाराला मी अँथनी ट्रोलपचं आत्मचरित्र वाचलं. हा १९व्या शतकातला इंग्रज कादंबरीकार. आयुष्यातली तेहेतीस वर्षं त्याने पोस्टात नोकरी केली, १८३४ ते १८६७. रस्त्यावरच्या पत्रपेट्या तिकडे सुरू करण्यात त्याचा मोठा हात होता. आणि ही नोकरी सांभाळून, नंतरची वर्षं धरून, त्याने ४७ कादंबऱ्या लिहिल्या. सत्तेचाळीस! (मी ७४ पानं. आकडे तेच, फक्त उलटे.) पहाटे साडेपाचला तो टेबलाशी बसलेला असायचा. समोर घड्याळ. दर पंधरा मिनिटांना २५० शब्द, असा त्याचा स्वतःला जाच. मग न्याहारी आणि मग ऑफिस. आपल्या पुस्तकांचे किती पैसे मिळाले, याची पेनीपर्यंतची यादीही त्याने आत्मचरित्रात दिलीय. माझ्यातला हिशेबनीस त्याच्यावर फिदा झाला. पुस्तक १८८३ मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर, प्रसिद्ध झालं.

ट्रोलपच्या शिस्तीची गोष्ट लिहिणाऱ्यांना बहुतेक माहीत असते. माझं लक्ष या वेळी दुसरीकडेच गेलं. पहाटे त्याला उठवून कॉफी आणून द्यायला एक म्हातारा मोतद्दार होता. त्या कामाचे त्याला वर्षाला ५ पौंड जास्त मिळत. कॉफी आणण्यात तो एकदाही चुकला नाही, असं ट्रोलप सांगतो, आणि आपल्या यशाबद्दल इतर कुणाहीपेक्षा आपण याच माणसाचं जास्त देणं लागतो की काय, असंही म्हणतो. कामानिमित्त सतत आगगाडीने हिंडताना तो डब्यातच मांडीवर पाटीसारखं काहीतरी घेऊन पेन्सिलीने लिहायचा. 'बार्चेस्टर टॉवर्स'चा बराचसा भाग असाच झाला. मला त्याचा हेवा वाटला, कारण सकाळच्या डोंबिवली लोकलमध्ये त्याला लिहिणं सोडा, चौथी सीटसुद्धा मिळाली नसती. पण त्या पेन्सिलीच्या मजकुराची नंतर सुवाच्य प्रत कोण करायचं? त्याची बायको.

एकदा हे दिसायला लागलं की सगळीकडे दिसायला लागतं. टॉलस्टॉयच्या 'युद्ध आणि शांती'चे खर्डे त्याच्या बायकोने पुन्हा पुन्हा उतरवून काढले. आपल्याकडे सुनीताबाईंचं 'आहे मनोहर तरी' १९९० मध्ये आलं. ते मी कॉलेजात वाचलं होतं, तेव्हा मला ते पुलंविषयीचं पुस्तक वाटलं होतं. आता परत वाचताना लेखकाचं घर चालतं कसं, हे मला त्यात पानोपानी दिसत होतं. श्री. ना. पेंडसे बेस्टमध्ये नोकरी करत कादंबऱ्या लिहीत होते, हे मी इतकी वर्षं लोकांना सांगत आलो, स्वतःच्या समर्थनासाठी. आणि लक्ष्मीबाई टिळक? त्यांना अक्षरओळखच लग्नानंतर झाली. आयुष्यभर घर, माणसं, आजारपणं, येणारे-जाणारे यांतून 'स्मृतिचित्रे' लिहिलं गेलं. त्यांच्यासाठी कुणी बेल बंद करून ठेवत असेल असं मला वाटत नाही.

ट्रोलपने निदान मोतद्दाराला ५ पौंड दिले आणि पुस्तकात त्याचं देणं मान्य केलं. मी पाटीचं कौतुक केलं.

१ जूनपासून मी वेळ बदलली. पहाटे पाच दहा ते सहा, रोज. टेबल धाकटीला दिलं, तिला अभ्यासाला हवंच होतं. मी जेवणाच्या टेबलावर बसतो, त्या जागेला दारच नाही. गजर फोनच्या थरथरीवर लावून उशीखाली ठेवतो, म्हणजे बायकोची झोप मोडत नाही. चहा मी करतो, पातेलं मी घासतो. (हे वाचून माझ्या बहिणी हसतील. हसा.) शब्दांची मर्यादा ट्रोलपची नाही; पन्नास मिनिटांत १८० शब्द झाले तरी मला पुरे.

सुरुवातीचे आठ दिवस नुसता वैताग. पहिली दहा मिनिटं जे लिहिलं जातं ते अक्षरशः गाळ असतो, नळाला आधी येतं तसं. साडेपाचला सोसायटीचा पंप सुरू होतो, त्याची घरघर. मग दूधवाला. मग वरच्या मजल्यावरच्या काकांचं खोकणं. आधीचा मी असतो तर "या वातावरणात काय लिहिणार" म्हणून उठलो असतो. पण एक गोष्ट अशी लक्षात आली की रोज बसलं की कालचं आठवतं. मागचं सगळं वाचायला लागत नाही. पुढची ओळ माहीत असतानाच थांबावं, असं हेमिंग्वे सांगायचा. ते मी रविवारी कधी करू शकलो नाही, कारण पुढची ओळ आठवडाभर टिकत नाही. चोवीस तास मात्र टिकते. दुसऱ्या दिवशी पंपाच्या आवाजात ती तशीच उभी असते.

उगीच बढाई नको, म्हणून हाही हिशेब देतो. १ जून ते १५ ऑक्टोबर, दिवस १३७. लिहिलेले ९८, बुडवलेले ३९. बुडवलेल्यांपैकी ११ झोपेने खाल्ले, ९ ऑफिसातल्या ऑडिटने, ५ गणपतीने, ३ तापाने. आणि ११ दिवसांपुढे लिहिलंय, 'कारण नाही.' पाच दहाला उठलो, चहा केला, कोरा कागद बघितला, आणि सहा वाजले. असे दिवस अजूनही येतात. फरक एवढाच की त्यांची किंमत दुसऱ्या कुणाला द्यावी लागत नाही.

आता मूळ प्रश्न. कादंबरी पुढे सरकली का? नाही. पहिले दोन आठवडे मी विहिरीच्या काठावर बसून राहिलो. धाकटा भाऊ परत येऊन नुसता उभा. मग एका पहाटे मी त्याला तिथेच सोडला आणि जिन्यात बसलेल्या आईवर लिहायला लागलो. ते आपसूक आलं. बारा-तेरा दिवसांत नऊ पानं. लिहायला म्हणून मी इतकी वर्षं दार लावून घेतलं होतं, आणि लिहिण्यासारखं जे होतं ते पिशवी घेऊन दाराबाहेर बसलं होतं.

पण मग वेगळीच भीती सुरू झाली. आईने जी गोष्ट लपवायला सांगितली, तीच मी चार लोकांना सांगायची? बायकोने शब्द मोडला हे आईला कळणार. आणि जिच्याकडून एकदा वेळ घेतला, तिच्याकडून आता गोष्टही न विचारता घ्यायची का? विहिरीवरच्या भावांना विचारायची गरज नव्हती, ते माझ्या डोक्यातले होते. आई बदलापूरला आहे आणि तिला सगळं ऐकू येतं.

ऑगस्टमधल्या एका रविवारी, आठ वाजताच्या सुमाराला, मी ती पानं घेऊन बदलापूरला गेलो. तिला आता बारीक अक्षर दिसत नाही, म्हणून वाचून दाखवलं. ती गॅलरीत खुर्चीवर, शेंगा सोलत. मधे एक शब्द बोलली नाही. वाचून झाल्यावर म्हणाली,

"अळूची पानं कुठली रे?"

"पिशवीत होती ना?"

"दिव्यांची अवस होती. कणकेचे दिवे होते, गोड, उकडलेले. तूप वेगळ्या डबीत. घरी करून आणले होते तुझ्यासाठी. गार झाले."

मी काही बोललो नाही.

"मग तिने परत वाफवून दिले तुला. दोन खाल्लेस आणि परत आत गेलास." तिने एक शेंग सोलली. "आणि वीस मिनिटं लिहिलंयस, ते पण चूक. तास-पाऊण तास बसले असेन मी. वाईट नाही वाटलं रे मला. आतून तुझ्या खुर्चीचा आवाज येत होता. मला बरं वाटलं, लिहितोय म्हणून."

परिच्छेद १ बदलला. पुन्हा पहिल्यासारखा केला. खुर्चीचा आवाज त्याचाच असणार.

"फोन का नाही केलास?" मी विचारलं.

"फोन केला असता तर उठला असतास."

ते दिवे मला अजिबात आठवत नाहीत. समोरच्या इमारतीतल्या आजोबांची झारी आठवते, तिचा हिरवा रंगसुद्धा आठवतो; आईने माझ्यासाठी आणलेले दिवे खाल्ल्याचं आठवत नाही. निरीक्षणशक्ती हे लेखकाचं भांडवल असतं म्हणतात. माझं भांडवल मी कुठे गुंतवलं होतं ते बघा.

"हे छापलं तर चालेल का?" मी शेवटी विचारलं.

"चालेल की. पण दिवे लिही. आणि तिला बोलू नकोस, का सांगितलंस म्हणून. सांगेल असं मला वाटलंच होतं, एवढी वर्षं लागतील असं वाटलं नव्हतं."

घरी येऊन बायकोला पानं दिली. तिने एकच सूचना केली, "कोशिंबीर राहू दे, पण ती जिलबी मी पण खाल्ली होती, ते लिही. नाहीतर वाटेल मी रुसून बसले होते." तर लिहितो, बायकोने दोन जिलब्या खाल्ल्या होत्या.

मामा, तुम्ही हे वाचाल, कारण ताई तुम्हाला वाचून दाखवणारच. तेव्हा सगळ्यांसमक्ष उत्तर देतो. कादंबरी झालेली नाही. शेवटचा हात फिरवत नव्हतो, पहिलाच फिरवत होतो, साडेदहा वर्षं. ७४ पानं कपाटात आहेत. कधी त्या भावाला काय करायचंय ते सुचलं तर काढीन, नाही सुचलं तर राहतील. पुढच्या कार्यात विचारायचं असेल तर मला विचारा, बायकोला नको. आणि हळू विचारा.

रोज लिहितोय मात्र. काल १६० शब्द झाले, परवा २१०, त्याच्या आदल्या दिवशी 'कारण नाही'. तुमच्यापैकी जे घर-नोकरी सांभाळून लिहितात, ते कोणत्या वेळी लिहितात आणि त्या वेळी घरातली बाकीची माणसं काय करत असतात, हे ऐकायला मला खरंच आवडेल.

आता थांबतो. पुढची ओळ माहीत आहे, ती उद्यासाठी ठेवतो. सहा वाजून गेलेत आणि बायकोला टेबल पुसून हवंय. आज इडल्या आहेत. तिने मिक्सर लावलाय.